लंगोटावरचं कव्हर : ओल अडवा, वाफ अडवू नका

मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरातली लेक पहिल्या बाळंतपणासाठी गोरेगावला माहेरी आली होती. मे महिना, वर पत्रे, दुपारी लाइट गेलेली. आपल्या हिंगोली जिल्ह्यात त्या दिवसांत पारा चाळिसाच्या वर असतो, हे वेगळं सांगायला नको. चिल्ला पूर्ण झाला, लेकीने नमाज सुरू केली आणि एक नवीन अडचण उभी राहिली. बाळ मांडीवर घेतलं की कपडे ओले. दर नमाजला कपडे बदलायचे कुठवर? छट्टीला आलेल्या सामानात प्लॅस्टिकच्या दोन चड्ड्या होत्या. लंगोटावर त्या चढवल्या आणि सगळ्यांना हायसं वाटलं. अंथरूण कोरडं, मांडी कोरडी, पाहुणेही खुश.

चौथ्या दिवशी बाळाच्या जांघा लालभडक झाल्या. सहाव्या दिवशी कातडी सोलवटल्यासारखी दिसू लागली. लंगोट बदलताना बाळ असं रडायचं की शेजारच्या खाला धावत यायच्या.

मग सुरू झालं ते आपल्या घराघरात होतं तेच. कुणी म्हणालं, आईच्या खाण्यात तिखट आलं. कुणी म्हणालं, दूध गरम पडलं. कुणी नजर उतरवली. लेकीने चार दिवस फक्त वरण-भात खाल्ला आणि रात्री कोपऱ्यात बसून रडत राहिली. शेवटी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बाळाकडे पाहून एकच प्रश्न विचारला, "लंगोटावर काय घालता?" चड्डी दाखवली. म्हणाले, "ही काढा आणि बाळाला मोकळं ठेवा." सोबत एक मलम दिलं. चार-पाच दिवसांत कातडी बरीच निवळली.

आम्ही शाळेत मुलांना बाष्पीभवन शिकवतो. ओला फडका दोरीवर वाळतो, पण पिशवीत बांधून ठेवला तर कुबट होतो, हे फळ्यावर लिहितो. आणि घरात मात्र आम्हीच बाळाला पिशवीत बांधलं होतं. म्हणून हा लेख. दोष आईच्या दुधाचा नव्हता, कव्हरचा होता.

कातडी लाल का होते?

बाळाची कातडी मोठ्यांपेक्षा पातळ आणि नाजूक असते. ती बराच वेळ ओली राहिली की मऊ पडते. आपण कपडे धुतल्यावर बोटांना सुरकुत्या पडतात, तसंच. अशा कातडीवर कापड थोडं जरी घासलं तरी ती दुखावते. त्यात लघवी आणि शी एकत्र आली की त्रास वाढतो. शीमधले जंतू लघवीतल्या युरियापासून अमोनिया तयार करतात. रात्रभराच्या लंगोटाला नाकाला झोंबणारा वास येतो, तो याचाच. या अमोनियामुळे कातडीचा नैसर्गिक आंबटपणा कमी होतो आणि शीमधले पाचक रस जास्त जोर धरतात. अन्न पचवणारे ते रस कातडीलाही सोडत नाहीत.

म्हणजे ओल, घासणं आणि लघवी-शीचा एकत्र मारा, ही तीन कारणं. प्लॅस्टिकची चड्डी ही तिन्ही कारणं वाढवते. ओल बाहेर जात नाही, आत ऊब वाढते, आणि बाहेरून सगळं कोरडं दिसत असल्यामुळे लंगोट बदलायचा राहून जातो. हा तिसरा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. उघडा लंगोट ओला झाला की लगेच कळतो. चड्डीखालचा लंगोट तीन तास कळत नाही.

कव्हरचं काम नेमकं काय?

आपल्या घरात उर्दूत पोतडे म्हणतात, मराठीत लंगोट. शोषायचं काम त्याचं. जुनी सुती ओढणी, मलमल, धुऊन मऊ झालेली चादर, यांच्याइतकं चांगलं कापड बाजारात शोधूनही लवकर सापडत नाही. कव्हरचं काम वेगळं. लंगोटात आलेली ओल बाहेरच्या कपड्याला लागू द्यायची नाही, पण आतली वाफ मात्र बाहेर जाऊ द्यायची.

पाणी अडतं आणि वाफ जाते, हे कसं शक्य आहे? आपल्याकडचं रोजचं उदाहरण म्हणजे मातीचा माठ. त्यातून पाण्याची धार लागत नाही, पण ओलावा हळूहळू बाहेर येऊन उडून जातो, म्हणून तर पाणी गार होतं. प्लॅस्टिकच्या घागरीत हे घडत नाही. चांगलं कव्हर माठासारखं असतं, प्लॅस्टिकची चड्डी घागरीसारखी.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १९४६ साली मेरियन डोनोव्हन नावाची एक आई याच त्रासाला कंटाळली होती. तिथे तेव्हा लंगोटावर रबराच्या चड्ड्या घालत आणि बाळांना पुरळ येई. तिने घरातला न्हाणीघराचा पडदा कापून शिलाई मशीनवर कव्हर शिवलं. पुढे त्यासाठी पॅराशूटचं नायलॉन वापरलं, कारण ते वाफ कोंडत नव्हतं. पिनांच्या जागी बटणं लावली. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानात ती कव्हर विकायला आली आणि १९५१ मध्ये तिला पेटंट मिळालं. एका आईने घरच्या मशीनवर जे ओळखलं, तेच आजही कव्हर निवडताना पाहायचं आहे.

बाजारात काय काय मिळतं?

प्लॅस्टिकची किंवा रबरी चड्डी : स्वस्त असते, आठवडी बाजारातही मिळते. हातात घेतली की चुरचुर आवाज येतो. काही धुण्यांनंतर कडक होते आणि मांडीच्या रबराजवळ चिरते. पाणी पूर्ण अडवते आणि वाफही पूर्ण अडवते. आमचा सल्ला सरळ आहे, ही घेऊ नका. भेट म्हणून तर अजिबात देऊ नका.

पीयूएलचं कव्हर : आजकाल कापडी डायपर म्हणून जे रंगीबेरंगी मिळतात, त्यांचा बाहेरचा भाग बहुतेक वेळा याचा असतो. विणलेल्या पॉलिएस्टर कापडाला आतून पॉलियुरेथेनचा अगदी पातळ थर चिकटवलेला असतो. मऊ असतं, आवाज करत नाही, बटणांनी लहान-मोठं करता येतं. पाणी अडवतं आणि थोडी वाफ बाहेर सोडतं. 'थोडी' हा शब्द लक्षात ठेवा. प्लॅस्टिकपेक्षा बरंच चांगलं, पण सुती कापडाइतकं मोकळं नाही. कुणी सांगितलं की हे घातलं म्हणजे रात्रभर बघायला नको, तर विश्वास ठेवू नका. वेष्टनावर पीयूएल किंवा टीपीयू लिहिलं आहे का ते पाहा. नुसतं 'वॉटरप्रूफ' लिहिलं असेल तर ते साधं प्लॅस्टिकही असू शकतं.

फ्लीसचं कव्हर : हिवाळ्यातल्या मऊ जॅकेटचं कापड असतं ना, तेच. हे पॉलिएस्टरच असतं. स्वतः पाणी फारसं शोषत नाही आणि वाफ चांगली जाऊ देतं. पण बाळाला मांडीवर दाबून धरलं की ओल बाहेर येते. डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्रींना ठीक, मे महिन्यात गरम होतं.

लोकरीचं कव्हर : थंड देशांत हे पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. आपल्याला याचं नवल वाटायला नको. पावसात घोंगडी पांघरून मेंढ्या राखणारा धनगर आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा धरते, तरी हाताला ओली लागत नाही, आणि तिच्यातल्या मेणचट तेलामुळे पाणी वरून ओघळतं. पण आपल्याकडच्या मेंढीची लोकर जाडीभरडी असते, ती बाळाच्या अंगाला टोचते. त्यासाठी मऊ मेरिनो लोकर लागते आणि ती महाग असते. आणखी एक गोष्ट. दुकानात 'वूलन' म्हणून मिळणारा धागा बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतो. त्याने विणलेली चड्डी दिसायला तशीच, पण लोकरीचं काम ती करत नाही. दादी-नानींनी हौसेने विणायच्या आधी धागा कशाचा आहे ते वाचून घ्यावं.

कव्हरच नाही : हाही एक पर्याय आहे, आणि घरात असताना दिवसा तोच सगळ्यात चांगला. बाळाला झाकण्यापेक्षा गादीला झाका. गादीवर मेणकापड घट्ट खोचून घ्या, त्यावर जाड गोधडी किंवा चौपदरी चादर, आणि त्यावर सुती लंगोट बांधलेलं बाळ. मेणकापडाची कड सैल सोडू नका, आणि प्लॅस्टिकची कुठलीही वस्तू बाळाच्या तोंडाजवळ येऊ देऊ नका.

विकतचा डायपर वाईटच, असं आम्ही म्हणत नाही. चांगल्या डायपरची बाहेरची बाजूही आता वाफ सोडणारी असते, आणि हिंगोली-नांदेडच्या प्रवासात त्याचा आधार होतो. पण रोज वापरायचा तर खर्च आहे. शिवाय गावात वापरलेला डायपर जातो कुठे? नाल्यात, नाही तर उकिरड्यावर. घनकचऱ्याच्या नियमांत तो नीट गुंडाळून द्यावा असं आहे, पण घ्यायला गाडीच येत नसेल तर द्यायचा कुणाला?

घरी करायची परीक्षा

दुकानदार काय सांगतो त्यापेक्षा आपण स्वतः पाहावं. हा प्रयोग आम्ही सातवीच्या वर्गातही करू शकतो इतका सोपा आहे.

एका पेल्यात गरम पाणी घ्या, उकळतं नको. कव्हरची आतली बाजू पाण्याकडे ठेवून पेल्याच्या तोंडावर ते ताणून धरा आणि रबरबँड लावा. आता एक कोरडा काचेचा ग्लास त्यावर उपडा ठेवा. पाच-दहा मिनिटांनी ग्लास उचलून पाहा. आतून धुकं जमलं असेल तर वाफ जाते आहे. काच स्वच्छ राहिली तर कव्हर वाफ कोंडतं. हेच प्लॅस्टिकच्या पिशवीने करून पाहा, म्हणजे फरक कळेल. प्रयोग करताना लहान मुलं लांब ठेवा.

दुसरी परीक्षा पाण्याची. कव्हरच्या आत दोन चमचे पाणी ओतून खाली कोरडा कागद ठेवा, थोडं दाबा. कागद ओला झाला तर ते कव्हर मांडीवर टिकणार नाही. फ्लीस आणि लोकर दाबल्यावर थोडी ओल सोडणारच, ते समजून घ्या.

तिसरी परीक्षा रोजची आणि खरी. लंगोट बदलताना हाताची मागची बाजू बाळाच्या कमरेखाली लावा. कातडी साधारण अंगाइतकीच गरम आणि जवळपास कोरडी असावी. दमट, तापलेली लागली तर कव्हर चुकीचं आहे किंवा बदलायला उशीर झाला आहे.

माप आणि वापर

कव्हर कमरेला इतकं सैल असावं की दोन बोटं आत जातील. मांडीला रबर बसावं, पण कव्हर काढल्यावर लाल वळ उरायला नको. वळ उरत असेल तर मोठं माप घ्या. लंगोटाची एकही कड कव्हरच्या बाहेर राहू देऊ नका. ओल त्याच कडेने वातीसारखी बाहेर येते, आणि आपण समजतो कव्हर गळतं.

नवजात बाळाला दिवसातून दहा-बारा वेळा, कधी त्याहून जास्त बदलावं लागतं. म्हणून लंगोट चोवीस ते तीस हवेत, पण कव्हर मात्र तीन-चार पुरतात. एका कव्हरला शी लागली नसेल तर आत पुसून, वारा देऊन पुन्हा वापरता येतं. कव्हर घातलेलं असताना दर दोन तासांनी बघा, शी झाली की लगेच बदला. रोज थोडा वेळ बाळाला काहीही न बांधता कोरड्या सुती कपड्यावर मोकळं खेळू द्या. हे सगळ्यात स्वस्त औषध आहे.

एक खास इशारा. आपल्याकडे मालीश-अंघोळीनंतर शेगडीवर शेक देण्याची, धुरी देण्याची पद्धत आहे. पीयूएल आणि फ्लीस हे दोन्ही निखाऱ्याजवळ वितळतात आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं. अशी कव्हरं घालून बाळाला शेगडीजवळ नेऊच नका. धुराचं म्हणाल, तर तो बाळाच्या छातीला तसाही चांगला नाही.

पाकी आणि नमाजचा प्रश्न

प्लॅस्टिकची चड्डी आमच्या घरात आली ती पाकीच्या काळजीतून. ही काळजी योग्यच आहे. पण तिची किंमत बाळाच्या कातडीने द्यायची गरज नाही.

हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी आपली नात उमामा रजियल्लाहु अन्हा यांना उचलून घेऊन नमाज अदा केल्याची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आहे. लेकरू अंगावर आहे म्हणून आई नमाजपासून दूर राहावी, असं दीन सांगत नाही. लघवीच्या मसल्यात मात्र मजहबांत फरक आहे. फक्त दुधावर असलेल्या मुलाच्या लघवीला शाफई मजहबात कपड्यावर पाणी शिंपडणं पुरतं, मुलीच्या लघवीला धुवावं लागतं. हनफी मजहबात मुलगा असो की मुलगी, धुवायचंच. आपल्या मराठवाड्यात बहुतेक हनफी, कोकणातल्या बऱ्याच घरांत शाफई. म्हणून कोकणातल्या मैत्रिणीने सांगितलं तसंच आपण करायचं असं नाही. आम्ही शिक्षक आहोत, आलिम नाही. आपला मसला आपल्या इमाम साहेबांना विचारून घ्यावा.

आमच्या घरात आता साधी सोय केली आहे. नमाजचा एक जोडा वेगळा टांगलेला असतो. नमाजच्या वेळी बाळ दुसऱ्या कुणाच्या मांडीवर, आणि दुसऱ्या कुणाच्या म्हणजे फक्त बायकांच्या नव्हे. बाप, मामा, नाना यांच्याही मांड्या ओल्या व्हायला हरकत नाही. चांगलं कव्हर बाहेर जाताना आणि पाहुण्यांत, बाकी वेळ बाळ मोकळं.

धुणं

शी झालेला लंगोट आधी पाण्याने मोकळा करून घ्या, मग पावडर लावा. पावडर कमी आणि खळबळणं जास्त, हा नियम. हनफी पद्धतीने तीन वेळा धुऊन दर वेळी पिळणं, हे पाकीसाठी आहेच, पण पावडर निघून जायलाही तेच उपयोगी पडतं. कापडात राहिलेली पावडर ओली झाली की बाळाच्या कातडीला चावते. बोअरचं पाणी जड असेल तर पावडरीचा फेस होत नाही, म्हणून आपण आणखी टाकतो. तसं करू नका. शेवटचं पाणी शक्य असेल तर नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं घ्या.

कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य लंगोटाला कधीच लावू नका. त्याचा थर बसला की कापड पाणी शोषत नाही. खोबरेल तेल आणि जाड मलमाचंही तसंच होतं. मलम लावायचं असेल तेव्हा लंगोटात मलमलचा एक वेगळा तुकडा ठेवा.

लंगोट उकळले, इस्त्री केले, कडक उन्हात टाकले तरी चालतं, उलट चांगलं. पावसाळ्यात नीट वाळले नाहीत तर इस्त्री फिरवा. पीयूएलचं कव्हर मात्र उकळायचं नाही, त्यावर इस्त्री फिरवायची नाही, ब्लीच टाकायचं नाही आणि पिळून मुरगळायचंही नाही. आतला थर सुटतो. ते नुसतं झटकून सावलीत वाळवा. लोकर कोमट पाण्यात हलक्या हाताने धुवायची आणि सपाट पसरून वाळवायची.

डॉक्टरांकडे कधी?

साधी लाली मोकळं ठेवून आणि झिंकचं मलम लावून दोन-तीन दिवसांत उतरायला लागते. ती उतरली नाही, फोड आले, पू किंवा रक्त दिसलं, बाळाला ताप आला, तर थांबू नका. लाली जांघेच्या घडीतही शिरली असेल आणि कडेने छोटे लाल ठिपके असतील, तर बहुधा बुरशी असते. तिला वेगळं औषध लागतं. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टेरॉइडचं मलम आणून लावू नका. टाल्कम पावडरही टाळा. ती ओलीने गोळा होऊन घडीत घासते आणि हवेतून बाळाच्या छातीत जाते. एक गोष्ट मात्र लगेच सांगण्यासारखी आहे. पहिल्या आठवड्यानंतर बाळाचे दिवसाला सहापेक्षा कमी लंगोट ओले होऊ लागले, तर दूध पुरत नसेल किंवा उन्हाने अंगातलं पाणी कमी होत असेल. कापडी लंगोटाचा हा फायदा आहे, मोजता येतं.

शेवटी एक विनंती, विशेषतः घरातल्या मोठ्यांना. बाळाला पुरळ आलं की आधी लंगोट पाहा, कव्हर पाहा, शेवटचं कधी बदललं ते विचारा. नुकत्याच बाळंत झालेल्या मुलीच्या ताटातलं जेवण कमी करू नका. तिला दूध पाजायचं आहे, तिला पोटभर जेवू द्या. आमच्या लेकीला आम्ही नंतर सांगितलं, "बेटा, चूक आमची होती." हे वाक्य आधीच सुचलं असतं तर तिचे ते चार दिवस वाचले असते.

पुढच्या छट्टीला, अकीक्याला जाताना प्लॅस्टिकच्या चड्ड्यांऐवजी मलमलचे सहा लंगोट आणि एक चांगलं कव्हर न्या. अल्लाह सगळ्या बाळांना आणि त्यांच्या मातांना तंदुरुस्त ठेवो. आमीन.